यीस्ट, ऊस आणि मळी: मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

डिस्टिलरीत बरीच वर्षं काढून आता मुलुंडला स्थिरावलो आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या मोसमात शाळकरी मुलं, मे महिन्यात घरी पाव करणाऱ्या बायका, पाऊस सुरू झाला की स्कूटरवाले, असे प्रश्न येतच राहतात. तेच तेच किती वेळा लिहायचं, म्हणून हे एकत्र केलं. दोन उत्तरं एकमेकांत अडकतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यीस्ट म्हणजे नक्की काय? पावडर, जंतू की वनस्पती?

बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव. पाकिटातले ते तपकिरी दाणे म्हणजे वाळवलेल्या, झोपलेल्या पेशी. एका ग्रॅममध्ये अब्जावधी. कोमट पाणी आणि साखर मिळाली की जाग्या होतात आणि अंगाला कळी फुटावी तशी एकीतून दुसरी फुटते. पाव, बिअर, वाइन, डिस्टिलरी या सगळ्यांत बहुतेक वेळा एकच जात काम करते: सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थच ‘साखरेची बुरशी’. तिचा संपूर्ण जनुकसंच १९९६ साली वाचून झाला. पेशीत केंद्रक असणाऱ्या जीवांमध्ये हा मान तिला पहिल्यांदा मिळाला.

२. ते साखरेचं करतं काय?

ग्लुकोजचा एक रेणू फोडून अल्कोहोलचे (म्हणजे इथेनॉलचे) दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं. त्यातून मिळणारी थोडीशी ऊर्जा हा यीस्टचा फायदा. अल्कोहोल हा त्याच्या दृष्टीने कचरा. पावाला तो वायू हवा असतो, डिस्टिलरीला अल्कोहोल. हे काम जिवंत पेशीशिवाय होणारच नाही असं पाश्चरचं मत होतं. १८९७ साली एडुआर्ड बुख्नरने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा नुसता रस काढला आणि त्या रसानेही साखर आंबवून दाखवली. पेशीतली विकरं (एन्झाइम) हे काम करतात हे तेव्हा कळलं. त्याला १९०७ चं नोबेल मिळालं.

३. म्हणजे इडली, ढोकळा, जिलेबी, पाव सगळं यीस्टनेच फुगतं?

नाही. इडलीचं पीठ मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू फुगवतात. ल्युकोनॉस्टॉक हा त्यातला म्होरक्या, आंबटपणाही त्यांचाच. यीस्ट असतं, पण दुय्यम. झटपट ढोकळ्यात तर कुणीच जिवंत कामाला नसतं, तिथे सोडा आणि लिंबू. पाव मात्र खरा यीस्टचा. पाकिटातलं यीस्ट मिळत नव्हतं तेव्हा गोव्याकडचे पाववाले कणीक फुगवायला ताडी वापरत. ताडी झाडावरून उतरेपर्यंतच आंबायला लागलेली असते, कारण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट आयतं पोचतं. त्याच्याबरोबर जिवाणूही येतात, म्हणून सकाळची ताडी गोड आणि संध्याकाळची आंबट.

४. काका, विज्ञान प्रदर्शनासाठी रसवंतीतून उसाचा रस आणून आंबवला. दोन दिवसांत बुळबुळीत आणि आंबट झाला. काय चुकलं?

रस चुकला. रसवंतीचा चरक दिवसभर ओला असतो आणि त्यावर प्रश्न ३ मधलाच ल्युकोनॉस्टॉक मजेत राहतो. तो साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो. साखर कारखान्यातही ऊस तोडून दोन दिवस पडला तर हाच त्रास होतो, म्हणून तोडणीनंतर गाळपाची एवढी घाई असते. शिवाय तुझ्या रसात लिंबू, आलं, मीठ आणि कोण जाणे कुठला बर्फ होता.

प्रयोग साधा कर. अर्ध्या लिटरची बाटली अर्धी कोमट पाण्याने भर, दोन चमचे साखर आणि एक चमचा सुकं यीस्ट घाल, तोंडाला फुगा लाव. हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच पाणी हवं. तासाभरात फुगा उभा राहतो. उसाचाच रस हवा असेल तर उकळून, पूर्ण गार करून मग यीस्ट घाल.

बाटलीचं झाकण लावू नकोस. दहा ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर अडीच-तीन लिटर वायू होतो. तो अर्ध्या लिटरच्या बंद बाटलीत कोंडला की काय होईल याचं गणित प्रदर्शनाच्या तक्त्यावर मांड, बाटलीवर करून पाहू नकोस.

५. एक किलो साखरेतून अल्कोहोल किती निघतं?

कागदावर सुमारे ५३८ ग्रॅम, म्हणजे ६८० मिलिलिटरच्या आसपास. उरलेलं वजन वायूचं. प्रत्यक्षात यीस्ट थोडी साखर स्वतःचं अंग वाढवायला वापरतं, थोडं ग्लिसरॉल (ग्लिसरीन) करतं, थोडं जिवाणू चोरतात. नव्वद टक्के हाती आले तरी डिस्टिलरीचा मॅनेजर खूश. म्हणजे किलोला सहाशे मिलिलिटर धरा. निम्मी साखर हवेत जाते असं कुणी हळहळून म्हणतं तेव्हा मी सांगतो की बऱ्याच ठिकाणी तो वायूही पकडून, स्वच्छ करून सोडा आणि सुक्या बर्फासाठी विकतात.

६. मुंबईच्या उकाड्यात यीस्ट चांगलं चालत असणार, नाही का?

सुरुवातीला हो, नंतर पस्तावा. यीस्टला तीस-बत्तीस अंश आवडतात. पस्तिशीपुढे ते दमतं, चाळिशीजवळ काम टाकून बसतं. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, हे लोक विसरतात. वाटीत ती जाणवत नाही, पण लाख-दोन लाख लिटरच्या फरमेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या टाकीत, बाहेरच्या उकाड्यापेक्षा आतलीच आग जास्त असते. माझ्या पहिल्या नोकरीत मे महिन्यातल्या एका रात्री गार पाण्याचा पंप बंद पडला. पहाटेपर्यंत टाकीचं तापमान एकोणचाळीसवर गेलं. पुढचे दोन दिवस वॉशमध्ये (टाकीतल्या आंबणाऱ्या द्रवात) साखर तशीच शिल्लक आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

घरच्या पावासाठी एवढंच: पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये. मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट महिनाभरात निकामी होतं. शंका आली तर पीठ भिजवण्याआधी थोडं कोमट साखरपाण्यात घाला. दहा मिनिटांत फेस नाही आला तर फेकून द्या.

७. मळी म्हणजे काय? आणि ‘बी-हेवी’, ‘सी-हेवी’ हे काय प्रकरण आहे?

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की उरतो तो काळा, दाट पाक म्हणजे मळी. साखर तीन फेऱ्यांत काढतात. तिसऱ्या फेरीनंतरची मळी सी-हेवी. तिच्यातली साखर आता दाण्याच्या रूपात परवडेल अशी निघत नाही. दुसऱ्या फेरीलाच थांबलं तर बी-हेवी. साखर कमी मिळते, पण मळी गोड राहते. सी-हेवीच्या एका टनातून साधारण सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळतं, बी-हेवीतून तीनशेच्या जवळपास. आणि साखर न काढता थेट रसच आंबवला तर एका टन उसाला सुमारे सत्तर लिटर.

या तीन दरवाजांपैकी कुठला उघडायचा, हे यीस्ट ठरवत नाही. साखरेचा भाव, इथेनॉलचा भाव आणि दिल्लीतून येणारा आदेश ठरवतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, तेव्हा नगर-कोल्हापूरकडच्या कारखान्यांचे आराखडे एका आठवड्यात उलटेपालटे झाले. टाक्या, यीस्ट, माणसं सगळं तिथेच होतं.

८. यीस्टला कुठलीही साखर चालते का?

मुळीच नाही, भलतंच चोखंदळ असतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची साखर आवडीने खातं. नेहमीची साखर आधी पेशीबाहेरच फोडून घेतं. मोड आलेल्या धान्यातली माल्टोजही चालते. दुधातली लॅक्टोज चालत नाही, तिथे क्लुव्हेरोमायसीस हे दुसरं यीस्ट लागतं. मका, तांदूळ, बटाटा यांतला स्टार्च तर त्याला दिसतच नाही: आधी शिजवून, विकरं घालून त्याचं ग्लुकोज करावं लागतं. ‘भात आंबवला पण अल्कोहोल झालं नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांचं उत्तर हेच. लाकूड, गवत, चिपाड यांचं दुखणं वेगळं आहे, ते प्रश्न १० मध्ये.

९. शाळेत शिकलो की ऑक्सिजन असेल तर श्वसन, नसेल तर किण्वन. मग डिस्टिलरीत सुरुवातीला हवा का सोडतात?

शाळेतलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धवट. सॅकरोमायसीसपुढे साखर भरपूर असली तर ते ऑक्सिजन असतानाही अल्कोहोलच करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. ताट भरून वाढलेलं असलं की नीट चावून खायला वेळ कुणाला! डिस्टिलरीत आधी हवा देतात ती पेशींची संख्या वाढावी म्हणून. शिवाय पेशीचं आवरण घट्ट ठेवणारे काही स्निग्ध पदार्थ करायला यीस्टला थोडा ऑक्सिजन लागतो.

बेकरीचं यीस्ट करणारे कारखाने याच्या उलट खेळतात. त्यांना अल्कोहोल नको, पेशी हव्यात. म्हणून मळी थेंबाथेंबाने घालतात आणि टाकीत सतत हवा फुंकतात. म्हणजे तुमच्या पावातलं यीस्टही बहुधा मळीवरच वाढलेलं असतं.

१०. रसवंतीबाहेर चिपाडाचे ढीग पडलेले असतात. त्याचं इथेनॉल का करत नाहीत?

करता येतं. किंमत बघून हात आखडतो.

चिपाडात साखर आहे, पण कुलूप लावून ठेवलेली. सेल्युलोज ही ग्लुकोजचीच साखळी, तिच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि त्या दोघांवर लिग्निनचा लेप. आधी आम्ल, अल्कली किंवा वाफेचा मारा करून लेप सोडवायचा, मग विकरांनी साखळी तोडायची. विकरं महाग. लेप सोडवताना फरफ्युरलसारखी द्रव्यं तयार होतात, ती यीस्टला विषारी. एवढं करून हेमिसेल्युलोजमधून जी साखर येते ती मुख्यतः झायलोज, आणि सॅकरोमायसीसला झायलोज आंबवताच येत नाही. दुसऱ्या जिवांची जनुकं घालून तयार केलेली, झायलोज खाणारी यीस्टं आता आहेत. पण प्रत्येक पायरी खर्च वाढवते.

या कोड्याचं बरंच काम आपल्या माटुंग्यातच झालं आहे. रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्राने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने जे तंत्र बसवलं, त्यावर उत्तराखंडात काशीपूरला रोज दहा टन शेतकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं.

रसवंतीच्या ढिगाचं म्हणाल तर तो टेम्पोत भरून डिस्टिलरीपर्यंत नेण्याच्या डिझेलमध्येच सगळा हिशेब संपतो. कारखान्यातलं चिपाड मात्र वाया जात नाही, बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं.

११. आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्यापासून इथेनॉल करता येईल का? कमिटीत विषय निघालाय.

विषय लगेच मिटवा. ओल्या कचऱ्यात साखर विरळ, स्टार्च न फोडलेला, तेल-मीठ-मसाला भरपूर आणि जिवाणू आधीच कामाला लागलेले. जेमतेम दोन-तीन टक्के अल्कोहोल असलेलं पाणी हाती येईल आणि ते उकळून अल्कोहोल काढायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त गॅस जाळाल. शिवाय प्रश्न १३ मधला कायदा आडवा येईल. मिश्र कचऱ्याला मिश्र जिवाणूच बरे: बायोगॅस किंवा खत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस तंत्र त्यासाठीच आहे. बायोगॅस आपण होऊन वर येतो, वेगळा काढायला इंधन लागत नाही. त्याचा सगळा फायदा इथे आहे.

१२. अल्कोहोल बारा-पंधरा टक्क्यांवर का अडतं? मग पेट्रोलमधलं शुद्ध इथेनॉल कसं बनतं?

स्वतःच्याच कचऱ्यात कुणाला राहवतं? अल्कोहोल पेशीचं आवरण पातळ करतं. डिस्टिलरीतलं यीस्ट आठ ते बारा टक्क्यांपर्यंत नीट काम करतं, वाइनची काही वाणं पंधरा-सोळापुढेही जातात. पुढचं काम वाफेचं. ऊर्ध्वपातनाने वजनी साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या थोडं वर पोचता येतं. तिथे पाणी आणि अल्कोहोल हातात हात घालून उकळतात, कितीही उकळा. उरलेलं पाणी काढायला वाफ झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांमधून सोडतात. मण्यांची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि अल्कोहोलचा मोठा रेणू पुढे जातो.

खाली उरतो स्पेंटवॉश: एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर, गडद तपकिरी, उग्र वासाचा. तसाच ओढ्यात सोडला तर पाण्यातला ऑक्सिजन संपवून मासे मारतो. त्यापासून बायोगॅस करतात, किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेतून पोटॅश काढतात. डिस्टिलरीचा परवाना मागताना अधिकारी फरमेंटरबद्दल दोन प्रश्न विचारतात आणि स्पेंटवॉशबद्दल वीस. योग्यच आहे.

१३. घरी थोडी वाइन किंवा दारू केली तर? फक्त घरच्यांसाठी. आणि त्यात मिथेनॉल होतं का?

नाताळ जवळ आला की वसई-वांद्र्याकडून हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ‘घरच्यांसाठी’ म्हटल्याने भट्टी कायदेशीर होत नाही. गॅसवर अल्कोहोलची वाफ काढणं म्हणजे तर आगीला आमंत्रण.

मिथेनॉल या विषारी अल्कोहोलबद्दल गैरसमज खूप आहे. यीस्ट साखरेपासून मिथेनॉल करत नाही. फळांतल्या पेक्टिनमधून ते थोडंसं सुटतं, म्हणून फळांच्या मद्यात अगदी थोडं असतं. विषारी दारूने माणसं मरतात ती बहुधा औद्योगिक मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे किंवा तिच्यात मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर बळी घेतले. प्यायल्यानंतर काही तासांनी धूसर दिसू लागलं, पोटात दुखलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच इस्पितळ गाठा.

१४. अल्कोहोल सोडून यीस्टपासून दुसरं काय होतं?

इथे मी लांबण लावणार आहे, कारण मला हाच भाग जास्त आवडतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला स्फोटकांसाठी ग्लिसरॉल हवं होतं आणि ते ज्यापासून काढत त्या चरबीचा तुटवडा होता. त्यांनी आंबणाऱ्या साखरेत सल्फाइट घातलं. अल्कोहोलच्या आधीची पायरी अडवली गेली आणि यीस्टने नाइलाजाने ग्लिसरॉल करायला घेतलं. एकाही जनुकाला हात न लावता!

जनुकं बदलता यायला लागल्यावर दारं उघडली. हेपटायटिस बी विषाणूच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टकडून करून घेतलेली लस अमेरिकेत १९८६ मध्ये मंजूर झाली. त्याआधी ही लस बाधित माणसांच्या रक्तापासून करत. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकने भारतीय लस आणली आणि भाव खाली आला. तिच्यात पिचिया हे दुसरं यीस्ट आहे. गंमत म्हणजे ते मिथेनॉलवर जगू शकतं, साखरेवर अडून बसत नाही. मधुमेहींच्या घरातलं बरंचसं इन्सुलिनही यीस्टचंच.

सौंदर्यप्रसाधनांतलं स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत. आता ब्राझीलच्या उसावर वाढलेलं यीस्ट फार्नेसीन नावाचं द्रव्य देतं आणि त्यापासून ते बनतं.

आणि एक फसलेली यशोगाथा. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून मिळतं. कॅलिफोर्नियात जे किसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये त्याच्या आधीचं आम्ल यीस्टकडून करवून घेतलं, २०१३ पर्यंत ते कारखान्यात पोचलं. विज्ञान म्हणून अफाट काम. पण तोवर शेतातल्या वनस्पतीचा भाव पडला होता आणि यीस्टचा माल महाग ठरला. फरमेंटरमध्ये काय होतं ते बघायला सगळे गर्दी करतात; बाहेर साखर कितीला पडली आणि माल कितीला सुटला, हे विचारायला कुणी येत नाही.

१५. यीस्टने केलेलं इन्सुलिन घेतलं तर अंगात यीस्ट जातं का?

नाही. पेशी गाळून, प्रथिन अनेक पायऱ्यांनी शुद्ध करून मगच भरतात. औषधाच्या किमतीचा मोठा वाटा या शुद्धीकरणाचाच. लशीत यीस्टची प्रथिनं अत्यल्प राहू शकतात, म्हणून यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

१६. ई-२० पेट्रोलने मायलेज कमी होतं का? आणि पावसात स्कूटर बंद पडते ती त्यामुळेच का?

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्यासाठी जुळवलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं. जुनं इंजिन नाही काढत.

पावसाचं अर्धं खरं आहे. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, जास्त झालं तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो आणि इंजिन तोच आधी ओढतं. नुसत्या दमट हवेने एवढं पाणी सहसा येत नाही. झाकणाचं रबर गेलेलं असेल, किंवा स्कूटर अख्खा जुलै अर्ध्या टाकीवर उघड्यात उभी असेल, तर येतं. झाकण तपासा. जुन्या गाडीचे रबरी पाइप कडक झाले असतील तर बदलून घ्या.

१७. आमच्याकडे जैन पाहुणे येतात. यीस्टचा पाव त्यांना चालतो का?

हे त्यांनाच विचारा, मी रसायनवाला. एवढं सांगू शकतो की यीस्ट बुरशीच्या कुळातलं आहे, भट्टीत जाईपर्यंत जिवंत असतं, साठ अंशांच्या आसपास मरतं आणि भाजलेल्या पावाच्या पोटात शंभरच्या जवळ तापमान गेलेलं असतं. कणकेत झालेलं अल्कोहोलही बहुतेक तिथेच उडून जातं. काही घरांत एवढ्यावर भागतं, काही घरांत ‘जिवंत होतं ना?’ हाच मुद्दा असतो. मग सोडा घातलेली, यीस्ट नसलेली बिस्किटं किंवा खाकरा ठेवा.